क्रिल तेल

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात राहणाऱ्या क्रिल या कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यापासून काढलेले तेल. ते बहुतेक वेळा कॅप्सूलच्या रूपात पूरक आहार म्हणून घेतले जाते. ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्ले हे त्याचे मुख्य घटक. शिवाय त्यात फॉस्फोलिपिडे (फॉस्फरस असलेले स्निग्ध पदार्थ), थोडे कोलीन हे पोषकद्रव्य आणि तेलाला गडद तांबडा रंग देणारे ॲस्टाझँथिन असते.

तेलासाठी युफॉजिया सुपर्बा ही जात पकडतात. पूर्ण वाढलेला क्रिल जेमतेम ६ सेंमी. लांब आणि २ ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. शरीर काचेसारखे आरपार दिसणारे, त्यावर लाल ठिपके, डोळे काळे आणि टपोरे. नुकतेच खाल्लेले असेल तर त्याच्या पोटातला हिरवट रंग बाहेरूनही दिसतो. हा रंग सूक्ष्म शैवालांचा. ईपीए आणि डीएचए मुळात ही शैवालेच तयार करतात. क्रिल ती खाऊन अंगात साठवतो. त्यामुळे प्राणिज पदार्थ न खाणाऱ्याला हीच मेदाम्ले थेट शैवालाच्या तेलातून मिळू शकतात.

क्रिल मेल्यावर त्याच्याच पोटातली पाचक विकरे (एन्झाइमे) त्याचे शरीर झपाट्याने विरघळवू लागतात. म्हणून पकडलेल्या क्रिलवर जहाजावरच लगेच प्रक्रिया करावी लागते. तो सुकवून त्याची भुकटी करतात, एथेनॉल किंवा ॲसिटोनसारख्या द्रावकाने तिच्यातले स्निग्ध पदार्थ वेगळे काढतात आणि मग द्रावक उडवून टाकतात. युरोपीय संघाने या तेलाला नवीन अन्नघटक म्हणून २००९ मध्ये परवानगी दिली.

माशाच्या तेलात ओमेगा-३ मेदाम्ले ट्रायग्लिसराइड (चरबीचे नेहमीचे रूप) किंवा प्रक्रियेने बनवलेल्या एथिल एस्टरच्या रूपात असतात, तर क्रिल तेलात त्यांचा मोठा वाटा फॉस्फोलिपिडांना जोडलेला असतो. पेशींची आवरणेही फॉस्फोलिपिडांचीच बनलेली असल्याने हे रूप शरीरात अधिक सहज मुरते, असे सांगितले जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११३ जणांना ७ आठवडे तीन गटांत ठेवले होते. एका गटाला क्रिल तेलातून रोज ५४३ मिग्रॅ. ईपीए-डीएचए मिळत होते, दुसऱ्याला माशाच्या तेलातून ८६४ मिग्रॅ., तर तिसऱ्याला कोणतेच पूरक दिले नव्हते. पहिल्या दोन्ही गटांच्या रक्तातली पातळी जवळपास सारखीच वाढली. म्हणजे या रूपाचा काही फायदा असू शकतो. पण ग्राहकाने लेबलावर तेलाच्या वजनाबरोबर ईपीए-डीएचएचा आकडाही वाचायलाच हवा. ५०० मिग्रॅ.च्या क्रिल कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून बऱ्याचदा १०० मिग्रॅ.च्या आसपासच असते. माशाच्या तेलाच्या १ ग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ते ३०० मिग्रॅ. असते. हृदयाचे काम सुरळीत राहण्यासाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोज २५० मिग्रॅ. हे प्रमाण धरले आहे. शोषण थोडे चांगले असले, तरी प्रमाणातली एवढी तूट त्याने भरून निघत नाही.

रक्तातली ट्रायग्लिसराइडे कमी करणे हा ओमेगा-३ चा सर्वांत भक्कम पुरावा असलेला गुण, आणि तो क्रिल तेलातही आहे. मात्र तो मात्रेवर अवलंबून असतो. त्यासाठी रोज सुमारे २ ग्रॅम ईपीए-डीएचए लागते; वरच्या हिशेबाने या तेलाच्या २० कॅप्सूल झाल्या. रोज एक कॅप्सूल घेणाऱ्याने वाढलेली ट्रायग्लिसराइडे त्यातून उतरतील, ही आशा ठेवू नये.

गुडघ्याच्या झिजेच्या संधिवाताबाबत निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ४ ग्रॅम क्रिल तेल सहा महिने घेणाऱ्यांचे दुखणे थोडे कमी झाले. उलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत २६२ रुग्णांपैकी निम्म्यांना २४ आठवडे रोज २ ग्रॅम तेल दिले. त्यांच्या वेदना आणि नुसती नकली कॅप्सूल घेणाऱ्यांच्या वेदना यांत लक्षणीय फरक पडला नाही. दुसऱ्या चाचणीतले रुग्ण गुडघ्यात सूज आणि जास्त वेदना असलेले होते, मात्राही निम्मी होती, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला आज या तेलाची खात्री देणे योग्य नाही.

त्वचा, डोळे, स्मरणशक्ती यांबाबतचे दावे बहुतेक ॲस्टाझँथिन आणि कोलीनच्या नावावर केले जातात. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ही दोन्ही इतकी थोडी असतात, की एका अंड्यातून मिळणारे कोलीन त्याच्या कितीतरी पट भरते.

कोळंबी, खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी क्रिल तेल टाळावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे. ओमेगा-३ च्या मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढल्याचे काही मोठ्या चाचण्यांत आढळले आहे. मळमळ, जुलाब किंवा माशाचा वास येणारे ढेकर हे किरकोळ त्रास.

देवमासे, सील आणि पेंग्विन यांचे पोट क्रिलवर चालते. क्रिल पकडण्यावर अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्तीच्या संवर्धनासाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग देखरेख करतो. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाचे कार्यालय ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातील होबार्ट येथे आहे. अटलांटिककडच्या भागात वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. २०२५ च्या हंगामात ती प्रथमच गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली. या क्रिलचा मोठा भाग तेलासाठी नव्हे, तर मत्स्यशेतीतल्या खाद्यासाठी जातो.