उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचतं का?

'घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचेल,' हा सल्ला अजूनही फिरतो. कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा जुना भाग) काळात त्यात तथ्य होतं: गियरमध्ये उतरतानाही इंजिन थोडं पेट्रोल ओढतच राहायचं.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तसं नाही. गाडी गियरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला आणि इंजिनचे फेरे मिनिटाला साधारण दीड हजाराच्या वर असले, की गाडीतला संगणक इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग, बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगपुरतं पेट्रोल जळतच राहतं. क्लच दाबून उतरलात तरी तेच, वर क्लचमधलं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर भार घेणारा भाग) झिजतं ते वेगळं.

सौम्य, लांब उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त दूर घरंगळते, हे खरं. पण खंबाटकी किंवा आंबा घाटात वेग रोखायचाच असतो. तिथे इंजिनचा अडसर काढला की सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड तापतात, जळका वास येतो, पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. चावी बंद करून तर कधीच उतरू नका: दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंग जड होतं.

डॅशबोर्डवर तात्कालिक (त्या क्षणाचं) मायलेज दिसत असेल, तर मोकळ्या उतारावर तिसऱ्या गियरमध्ये पाय काढा आणि आकडा शेजारच्याला बघायला सांगा. तो ९९.९ सारख्या टोकाला जातो किंवा नुसत्या रेघा दिसतात, म्हणजे पेट्रोल बंद आहे. चढायला जो गियर लागला, त्यातच उतरा.