ट्विंकीमुळे खुनी सुटला? छे!

सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांना २७ नोव्हेंबर १९७८ रोजी माजी नगरसेवक डॅन व्हाइटने सिटी हॉलमध्ये (महापालिकेच्या इमारतीत) गोळ्या घातल्या. ‘ट्विंकी केक खाऊन डोकं फिरलं, असं सांगून तो सुटला’ ही चटकदार गोष्ट तेव्हापासून फिरतेय. खरी नाही. वकिलांचा मुद्दा नैराश्याचा होता. तब्येतीला जपणारा माणूस अरबटचरबट खायला लागला, हे त्याचं लक्षण म्हणून सांगितलं, कारण म्हणून नव्हे. ‘ट्विंकी बचाव’ हे नाव वार्ताहरांचं. तो सुटलाही नाही: सदोष मनुष्यवध, ७ वर्षं ८ महिने. मेटल डिटेक्टर चुकवून तळघराच्या खिडकीतून सिटी हॉलमध्ये शिरलेल्या, मध्येच रिव्हॉल्व्हर पुन्हा भरणाऱ्या माणसाला एवढंच! निकालाच्या रात्री, २१ मे १९७९ ला, शहर पेटलं ते यावरून.