चाकोरीबाहेरचे जीवन

शिक्षण, नोकरी, लग्न, मुले, स्वतःचे घर, बढती आणि निवृत्ती हा आयुष्याचा गृहीत धरलेला क्रम जाणूनबुजून सोडून वेगळ्या रीतीने जगण्याची निवड. कोणी हा क्रम मुळापासून नाकारतो, तर कोणी त्यातला एखादाच दुवा वगळतो. आजन्म अविवाहित राहणे, ठरवून मूल न होऊ देणे, भागेल इतकेच काम करून उरलेला वेळ आपल्याकडे ठेवणे, ऐन उमेदीत नोकरी सोडणे, सामूहिक वसाहतीत राहणे, एका गावी घर न करता फिरत राहणे, बेभरवशाची मिळकत पत्करून कलेला वाहून घेणे हे सगळे प्रकार या संज्ञेखाली येतात. बेकारी, विस्थापन किंवा बहिष्कार यांमुळे वाट्याला आलेले वेगळेपण यात धरत नाहीत. निवड आणि नाइलाज यांच्यातली रेषा मात्र कागदावर दिसते तितकी ठळक नसते. त्याविषयी पुढे येईलच.

अमुक वयात अमुक झालेच पाहिजे या अलिखित वेळापत्रकाला समाजशास्त्रात ‘सामाजिक घड्याळ’ म्हणतात. अमेरिकन संशोधक बर्निस न्यूगार्टन यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना मांडली. लग्न, पहिले मूल, नोकरीतले स्थैर्य या गोष्टींचे ‘योग्य वय’ कोणते याबद्दल लोकांची मते बरीच जुळतात आणि आपण वेळेवर आहोत की मागे पडलो हे ज्याचे त्याला पक्के ठाऊक असते, असे त्यांना आढळले. हे घड्याळ कोणी कायद्याने लावलेले नाही. ते चालते ‘मग पुढे काय ठरवलंय?’ यासारख्या साध्या चौकशांवर.

चाकोरी किती जुनी?

पिढ्यानपिढ्या चालत आलेली म्हणून जी वाट दाखवली जाते ती त्या रूपात बरीच अलीकडची आहे. महिन्याच्या महिन्याला पगार देणारी एकच नोकरी, त्या पगारावर चालणारे पती-पत्नी-मुलांचे घर आणि शेवटी निवृत्तिवेतन, ही जोडणी औद्योगिक देशांत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत पक्की झाली. त्याआधी शेतकरी, विणकर, सुतार यांच्या घरी काम आणि संसार एकाच छपराखाली चालत. ‘करिअर’ ही वेगळी काढून दाखवता येईल अशी वस्तूच नव्हती. लग्न सर्वांचे झालेच पाहिजे ही समजूतही सगळीकडे सारखी नव्हती. लोकसंख्येचे अभ्यासक जॉन हाजनल यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की इटलीतले त्रिएस्त ते रशियातले लेनिनग्राड (आजचे सेंट पीटर्सबर्ग) अशी रेषा ओढली तर तिच्या पश्चिमेच्या युरोपात लग्ने पूर्वीपासून उशिरा होत आणि दहातील एकीहून अधिक स्त्रिया कधीच लग्न करत नसत.

भारतीय परंपरेतला दाखला याहून बोलका आहे. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास हे चार आश्रम एकापाठोपाठ एक चढायच्या पायऱ्या म्हणून शिकवले जातात. जुन्या धर्मसूत्रांत ते तसे नाहीत. शिक्षण आटोपलेल्या तरुणाने त्यांपैकी एक निवडून आयुष्यभर तसेच राहावे, असे ते पर्याय होते. क्रमाची शिस्त मनुस्मृतीच्या काळापर्यंत बसली, आणि तिच्यामुळे संन्यासाची ओढ म्हातारपणावर ढकलली जाऊन घरसंसार सुरक्षित झाला. बंडाला नकार न देता त्याला उशिराची तारीख द्यायची, ही युक्ती आजही घराघरांत वापरली जाते: ‘आधी नोकरी पक्की होऊ दे, मग काय ते कर.’ खुद्द समर्थ रामदासांची परंपरागत कथा मंगलाष्टकांतले ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळालेल्या मुलाची आहे, आणि आधी प्रपंच नेटका करावा हा उपदेशही त्यांचाच. दोन्ही गोष्टी आपण सारख्याच कौतुकाने सांगतो.

भिंती आणि नियम

या विषयावरच्या लिखाणात एकट्या बंडखोराचीच चित्रे फार: रांजणात राहणारा ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनिस, तळ्याकाठच्या झोपडीतला अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो. थोरो १८४५ ते १८४७ अशी सव्वादोन वर्षे झोपडीत राहिला. ती जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती आणि आईवडिलांचे घर चालत जाण्याइतके जवळ होते, हे त्या चित्रात सहसा दिसत नाही. टिकलेली उदाहरणे बहुधा समूहाची आहेत, आणि त्यांना नियम होते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या भागात बेगीन स्त्रियांची वस्ती सुरू झाली. त्या काळी स्त्रीपुढे दोनच मान्य वाटा होत्या, नवऱ्याचे घर किंवा मठ. बेगीन दोन्हीकडे गेल्या नाहीत. त्या प्रार्थनेचे आणि ब्रह्मचर्याचे जीवन जगत, पण जन्मभराची शपथ घेत नसत. मन बदलले तर बाहेर पडून लग्न करता येई. मालमत्ता आपल्या नावावर राही. पोट भरण्यासाठी लोकर पिंजणे, कपडे धुणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, मुलींना शिकवणे अशी कामे असत. मोठ्या गावांत त्यांची आवारे म्हणजे भिंतीआडची छोटी गावेच होती: मध्ये चर्च, भोवती ओळीने घरे, निवडून दिलेली प्रमुख आणि रात्री बंद होणारा दरवाजा. तो दरवाजा महत्त्वाचा ठरला. कोणाच्याच ताब्यात नसलेल्या धार्मिक स्त्रिया चर्चला खुपत होत्या. बेगीन मार्गरीत पोरेत हिला १३१० मध्ये पॅरिसमध्ये जिवंत जाळले, आणि त्यानंतर लगेचच फ्रान्समधील व्हिएन इथल्या धर्मसभेने बेगीन जीवनपद्धतीचा निषेध केला. एकट्यादुकट्या फिरणाऱ्या स्त्रिया यात भरडल्या गेल्या. शिस्तीची, स्थानिक सरदारघराण्यांचा वरदहस्त असलेली आवारे तगली, ती थेट विसाव्या शतकापर्यंत. शेवटची बेगीन २०१३ मध्ये वारली. फ्लँडर्समधली १३ आवारे १९९८ पासून जागतिक वारसास्थळांत आहेत.

दक्षिण चीनमधील पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात एकोणिसाव्या शतकात असेच काही घडले, पण त्यामागची चालना पैशाची होती. तिथे रेशमाचे कीटक पाळण्याचा आणि सूत काढण्याचा धंदा जोरात होता. १८७० च्या दशकापासून वाफेवर चालणारे कारखाने आले आणि मुलींच्या हाती रोख मजुरी पडू लागली. त्यांच्यातल्या कितीतरी जणी चांगला दिवस पाहून, विवाहित स्त्री घालते तसा अंबाडा घालून, देवीसमोर लग्न न करण्याची शपथ घेत. मग लग्नासारखीच पंगत उठे. त्या दिवसापासून घरचे तिला उजवू शकत नसत. मोकळेपणा कमावलेला होता, पण फुकटचा नव्हता. मजुरीचा मोठा हिस्सा आईवडील आणि भावंडांकडे जाई, भावाचे लग्न बहिणीच्या मजुरीतून लागे. शिवाय एक अडचण पैशाने सुटणारी नव्हती. न उजवलेल्या मुलीने माहेरच्या घरात मरायचे नाही, असा तिथला नियम होता. मरणासाठी छप्पर हवे म्हणून या स्त्रियांनी वर्गणी काढून सामाईक घरे बांधली, एकमेकींचे आजारपण काढले, क्रियाकर्म केले. १९३० च्या दशकातल्या मंदीत रेशमाचा धंदा बसला, तेव्हा अनेक जणी सिंगापूर, मलाया, हाँगकाँगमध्ये घरकामाला गेल्या आणि तिथूनही पैसे पाठवत राहिल्या.

या दोन उदाहरणांत जे स्पष्ट दिसते ते आजही लागू आहे. चाकोरी म्हणजे एका गाठोड्यात बांधलेल्या अनेक सोयी: मिळकत, राहायला जागा, आजारपणात माणूस, म्हातारपणी आधार, समाजात सांगायला ओळख. गाठोडे नाकारणाऱ्याला यांतली एकेक सोय सुटी मिळवावी लागते, आणि ती मिळवण्याची मेहनत बाहेरून कोणाला दिसत नाही.

सामूहिक वसाहती

विसाव्या शतकात हीच कल्पना नव्या रूपात आली. आजच्या इस्रायलमध्ये १९१० मध्ये स्थापन झालेल्या देगानियापासून सुरू झालेल्या किब्बुत्झ म्हणजे ज्यूंच्या सामूहिक शेतवसाहतींच्या चळवळीत मालमत्ता सामाईक होती आणि बऱ्याच किब्बुत्झांत मुले आईवडिलांपासून वेगळी, मुलांच्या सामाईक घरात झोपत. त्या घरांत वाढलेली पिढी स्वतः पालक झाली तेव्हा तिला हे नको वाटले. १९९० च्या दशकापर्यंत मुले आपापल्या घरी परतली होती. आपण निवडलेले वेगळेपण मुलांच्या वाट्याला न निवडता येते, हा प्रश्न अशा प्रत्येक वसाहतीला गाठतोच.

१९६७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आठ जणांनी सुरू केलेली ‘ट्विन ओक्स’ ही वसाहत अजून चालू आहे. त्या काळात उभ्या राहिलेल्या बहुतेक वसाहती काही वर्षांतच विखुरल्या. ही टिकण्यामागे कामाची काटेकोर मोजणी हे एक कारण दिसते. प्रत्येकाने आठवड्याला सुमारे ४२ तास काम नोंदवायचे, बदल्यात अन्न, घर, औषधपाणी सगळे समूहाकडून. झुले विणणे, टोफू बनवणे यांतून वसाहतीने वर्षानुवर्षे कमाई केली. पण स्वयंपाक, भांडी, मुले सांभाळणे यांचे तासही त्याच वहीत, त्याच भावाने चढतात. बाहेरच्या जगात ज्याला कोणी काम म्हणत नाही त्याची इथे हजेरी लागते. मोकळ्या जीवनाच्या शोधात आलेल्याला तासांचा तक्ता पाहून धक्का बसत असेल, तर नवल नाही.

पैशाचे गणित

एकट्याने चाकोरी सोडणाऱ्यांचा सर्वांत हिशेबी प्रकार म्हणजे लवकर आर्थिक स्वातंत्र्य मिळवून नोकरी सोडणे. वॉल स्ट्रीटवरची नोकरी १९६९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी सोडणारे ज्यो डोमिंग्वेझ आणि त्यांच्या सहकारी व्हिकी रॉबिन यांनी त्याला व्यवहारी रूप दिले. त्यांचा हिशेब असा: पगारातून प्रवास, कामासाठीचे कपडे, थकवा घालवायला केलेला खर्च वजा करा. कामाच्या तासांत प्रवासाचे आणि तयारीचे तास मिळवा. मग भागाकार करा. हाती येणारा आकडा हा तासाचा खरा मोबदला, आणि तो बहुधा निराश करणारा असतो. यापुढे प्रत्येक खरेदी ‘आयुष्याचे इतके तास’ या भाषेत मोजायची.

त्याला जोड मिळाली आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांच्या १९९४ च्या अभ्यासाची. अमेरिकेतील शेअर आणि रोख्यांच्या १९२६ पासूनच्या आकड्यांवरून त्यांनी दाखवले, की पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली तरी पुंजी निदान ३० वर्षे पुरली असती. यातूनच ‘वार्षिक खर्चाच्या २५ पट साठवा’ हा आडाखा निघाला. तो सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. आकडे एका देशाच्या, एका भरभराटीच्या शतकातले आहेत. आणि ३० वर्षे हा हिशेब साठीत निवृत्त होणाऱ्याचा आहे. पस्तिशीत नोकरी सोडणाऱ्याला पुंजी ५०–६० वर्षे पुरवायची असते.

यात निर्णायक असतो खर्च. व्याज बाजूला ठेवले तरी, मिळकतीचा चौथा भाग वाचवणाऱ्याला एका मोकळ्या वर्षासाठी तीन वर्षे राबावे लागते, तर निम्मी वाचवणाऱ्याला एकच. पण निम्मी मिळकत वाचवणे हे मुळात चांगला पगार असलेल्यालाच जमते. म्हणजे चाकोरीतून सुटण्याची ही वाट चाकोरीतल्या यशस्वी माणसांसाठीच आहे. तिच्या पुरस्कर्त्यांना हे ऐकायला आवडत नाही.

निवड की नाइलाज

जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस, तेजीच्या दिवसांत, कंपनीला आयुष्य वाहण्याऐवजी अर्धवेळ कामे करून मोकळे राहणाऱ्या तरुणांना ‘फ्रीटर’ हे नाव मिळाले. त्यात थोडा हेवाही होता. १९९० नंतर तेजीचा फुगा फुटला, कायम नोकऱ्या आटल्या, आणि तीच कामे तितकेच तास करणारे तरुण तेच नाव लावून बिचारे किंवा आळशी ठरले. जगणे तेच, मागची परिस्थिती पालटली. चीनमध्ये २०२१ मध्ये पसरलेली ‘तांगपिंग’ म्हणजे आडवे पडून राहण्याची वृत्ती याच सीमेवरची. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस काम करूनही घर परवडत नसेल, तर गरजाच कमी कराव्यात, असा तिचा युक्तिवाद. सरकारी माध्यमांनी तिच्यावर कडक टीका केली. इतक्या निष्क्रिय गोष्टीची इतकी दखल घ्यावी लागली, यातच तिचे वजन कळते.

चाकोरी सोडण्यावरचा एक आक्षेप घराच्या आतून येतो. एकाने वाट सोडली की आईवडिलांचे दुखणे-खुपणे, सणवार, कागदपत्रे मागे राहिलेल्या भावावर, बरेचदा बहिणीवर येतात. हा आक्षेप खरा आहे. मात्र तो सरसकट लावता येत नाही. रेशमाच्या गावांतल्या त्या अविवाहित मुलींवर उलट अख्ख्या घराचा भार होता, आणि आजही ‘तुला कुठे संसार आहे’ म्हणून एकट्या माणसालाच आधी हाक जाते.

कायदा आणि म्हातारपण

वारसा, कर, घरकर्ज, रुग्णालयातली संमती यांचे नियम बहुतेक ठिकाणी विवाहित जोडपे समोर ठेवून लिहिलेले आहेत. फ्रान्सने १९९९ मध्ये लग्नाखेरीज दोन प्रौढांना नोंदवता येईल असा नागरी करार आणला. समलिंगी जोडप्यांची गरज हे त्यामागचे मुख्य कारण होते, पण पुढे तो करणाऱ्यांत भिन्नलिंगी जोडप्यांची संख्या कितीतरी अधिक झाली. देशोदेशी फिरत ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी एस्टोनियाने २०२० मध्ये वेगळा व्हिसा काढला. अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. कर कोणत्या देशात भरायचा हा गुंता मात्र त्याने सुटत नाही.

सर्वांत अवघड भाग उतारवयाचा. पस्तिशीत एकटेपणा हे स्वातंत्र्य असते, ऐंशीत जिना चढताना शेजारी कोण आहे याला अधिक किंमत येते. त्यावर उपाय म्हणून लंडनच्या उत्तर भागात काही स्त्रियांनी पन्नाशीपुढच्या स्त्रियांसाठी सामाईक वसाहत उभी करायचे ठरवले: प्रत्येकीला स्वतंत्र सदनिका, सामाईक स्वयंपाकघर आणि बाग, कारभार रहिवाशांच्याच हाती. गट १९९८ मध्ये जमला. जागा, परवानग्या आणि कर्ज मिळवत २५ सदनिकांची इमारत राहायला तयार झाली ती २०१६ मध्ये.