बंदूक आणि बार यांच्या मधला वेळ

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी, पडवीतून आत गेलं की उजव्या हाताच्या खुंटीला थोरल्या काकांची ठासणीची बंदूक टांगलेली असायची. परवाना शेतीसंरक्षणाचा. भात पोटरीला आलं आणि डुकरांचा माग दिसायला लागला की काका संध्याकाळी ती खाली उतरवायचे. आधी एका पितळी टोपणाने मापून नळीत दारू ओतायची. मग नारळाच्या सोडणाचा काथ्या चुरगळून गजाने ठासायचा. मग छरे, वर पुन्हा काथ्या, पुन्हा गज. शेवटी घोडा मागे ओढून त्याखालच्या इवल्याशा नळकांड्यावर तांब्याची केप, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणारी टोपी, बसवायची. शाळेत असताना मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. पहिल्या टोपणापासून केपेपर्यंत दीड मिनिट लागलं, आणि काकांचा हात सरावाचा होता.

बंदूक कुणाकडे असावी, किती असाव्यात, सरकारने त्यात किती हात घालावा यावर जगभर भांडण चालतं. त्यात या दीड मिनिटाची आठवण फारसं कुणी काढत नाही. मला मात्र गेल्या तीसेक वर्षांतलं संशोधन वाचताना पुन्हा पुन्हा तेच आठवतं.

आपल्या कायद्यालाही ठासणीच्या बंदुकीचं वेगळेपण ठाऊक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. तेवढ्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच काडतुसाच्या साध्या नळीच्या बंदुकीचा विचार होतो. कोकणातल्या कित्येक घरांतल्या बंदुका याच वाटेने आलेल्या आहेत. पण परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नसतो. रानडुक्कर मारायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते. वाडीतल्या गप्पांत या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते.

अमेरिकेत हा वाद हक्काच्या भाषेत होतो, कारण १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो हक्क व्यक्तीचा आहे असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. आपल्याकडे हा विचार झालाच नाही असं मात्र नाही. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग इतका होता, की काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नोंदवला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही आणि ती फेटाळली गेली. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं. आज घटनेचा अनुच्छेद १९ आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क देतो तोही ‘शांततेने व विनाशस्त्र’. म्हणजे आपल्याकडे बंदूक ही परवानगीची बाब ठरली. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

हक्क असावा की नसावा हे ठरवणं विज्ञानाचं काम नाही. पण बंदूक घरात आली की घरातल्या माणसांचं काय होतं, हे मोजता येतं. मोजणंही सोपं नाही, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण दोन्ही बाजूंचे लोक आकडे फेकतात आणि आपण भांबावतो.

अमेरिकेत १९९५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे ५,००० लोकांना फोन करून विचारलं होतं, की गेल्या वर्षभरात स्वतःच्या बचावासाठी तुम्ही बंदूक वापरली का? उत्तरांवरून हिशेब निघाला तो वर्षाला जवळपास २५ लाख वेळा. बंदूकवाल्यांची बाजू मांडताना हा आकडा आजही सांगितला जातो. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या मोठ्या पाहणीत मात्र हाच आकडा लाखाच्या आसपास किंवा खालीच येतो. एवढा फरक का? तेव्हा अमेरिकेत १९ कोटींच्या घरात प्रौढ माणसं होती. समजा खरोखर कुणीच बंदूक वापरली नाही, पण शंभरातल्या एकाने जुनी गोष्ट ‘गेल्या वर्षीची’ म्हणून सांगितली किंवा फुशारकी मारली, तर तेवढ्यावरच १९ लाख वेळा बंदूक वापरल्याचा हिशेब निघतो. दुर्मीळ गोष्ट थोड्या माणसांना विचारून मोजायला गेलं, की उत्तरातली चूकच त्या गोष्टीपेक्षा मोठी होते. आमच्या वाडीत ‘यंदा वाघ बघितला का’ असं विचारून बिबट्यांची संख्या काढण्यासारखंच हे.

मृत्यूंची मोजणी त्यामानाने पक्की असते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतल्या अर्ध्याहून जास्त, सुमारे ५४ टक्के, आत्महत्या होत्या. बातम्यांत दिसतात ते गोळीबार आणि वादात बोललं जातं ते चोर-दरोडेखोरांविषयी. घरातली बंदूक मात्र बहुतेकदा घरच्याच माणसावर उलटलेली असते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जायचा. ज्याच्या मनात आधीच काही आहे तोच बंदूक विकत आणत असेल, मग दोष बंदुकीचा कसा? या प्रश्नाला नीट भिडणारा अभ्यास २०२० मध्ये आला. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६३ लाख प्रौढांचा १२ वर्षांचा माग संशोधकांनी ठेवला. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणाकडे पिस्तूल नव्हतं. पुढे ज्या पुरुषांनी ते घेतलं, त्यांच्यात बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ आठपट निघालं, आणि बायकांत ३५ पट. घेतल्याघेतल्या धोका सर्वांत जास्त होता हे खरं. पण निम्म्याहून अधिक मृत्यू पिस्तूल घेऊन वर्ष उलटल्यावर झाले होते. आणि या लोकांत इतर मार्गांनी आत्महत्या काही जास्त नव्हत्या. माणसंच मुळात वेगळी असती, तर ते इतर मार्गांतही दिसायला हवं होतं.

मला त्याहून जास्त पटलेलं उदाहरण इस्रायलचं आहे. तिथे सक्तीच्या सैन्यसेवेतली १८ ते २१ वर्षांची मुलं शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर न्यायची. २००६ मध्ये सैन्याने नियम बदलला, रायफल छावणीतच ठेवून जायची. मुलं तीच, ताण तोच, घरही तेच. आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या. घट झाली ती सुट्टीच्या दिवसांत, आठवड्याच्या इतर दिवसांत फारसा फरक पडला नाही. बंदूक कुणाची काढून घेतली नव्हती, ती फक्त दोन दिवस लांब ठेवली होती.

असं का होत असावं? आत्महत्येचा विचार म्हणजे महिनोन्‌महिने केलेला पक्का बेत, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो पुष्कळदा लाटेसारखा येतो, चढतो आणि ओसरतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुण माणसांना विचारलं तेव्हा जवळजवळ चौथ्या हिश्शाने सांगितलं, की ठरवणं आणि करणं यांत पाच मिनिटंही गेली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात उडी मारण्याआधी अडवल्या गेलेल्या ५१५ माणसांचा पुढे शोध घेतला, तर त्यांतली ९४ टक्के एक तर हयात होती किंवा नैसर्गिक कारणाने गेली होती. लाट ओसरेपर्यंत माणूस टिकला की बहुतेकदा टिकतोच. बंदूक ती उसंत देत नाही, आणि तिच्यातून माणूस क्वचितच वाचतो. श्रीलंकेने १९९० च्या दशकात सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, तेही याच कारणाने. आंब्या-काजूच्या फवारणीच्या बाटल्या मांगरात उघड्यावर ठेवणाऱ्या प्रत्येक घराने हे वाचावं असं मला फार वाटतं. घरात कुणाचं मन बिघडलेलं दिसलं तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता परत त्या दीड मिनिटाकडे. ठासणीच्या बंदुकीत ती उसंत यंत्राच्या घडणीतच आहे, असं वाटेल. पण कोकणातलं वास्तव तसं नाही. ठासलेली बंदूक रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणं. डुक्कर आलं नाही, पहाट झाली, तर तो बार वाया कोण घालवणार? मग ठासलेली बंदूक तशीच खुंटीला जाते. केप काढून ठेवली तर ठीक, पण ती काढायचीही विसरते. दीड मिनिट आदल्या रात्रीच खर्चून झालेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती एखाद्या पोराच्या हाती लागते.

शिवाय त्या दारूचा आपल्या हवेशी उभा दावा आहे. दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन कण म्हणून उरतो. म्हणून तर बार काढला की पांढरा धूर पसरतो आणि नळीत काजळी बसते. त्या काजळीतले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. भाद्रपदातल्या कोकणात नळी आतून गंजायला आठ-दहा दिवस पुरतात. ओलावलेली दारू कधी पेटत नाही, कधी चाप ओढल्यावर क्षणभर थांबून पेटते. ‘फुसकी गेली’ म्हणून बंदूक खाली केली आणि मग बार उडाला, असे अपघात होतात ते यामुळे.

दुसरे अपघात होतात ते अंधारात माणसाला जनावर समजल्यामुळे. यातही डोळ्यांचं शास्त्र आहे. बॅटरीच्या उजेडात बिबट्याचे, मांजराचे, गाईचे डोळे चमकतात, कारण पडद्यामागे त्यांना आरशासारखा थर असतो. माणसाला तो नसतो, आणि डुकरालाही नसतो. म्हणजे चमकणारे डोळे दिसले तर ती शेजाऱ्याची गायही असू शकते, आणि ज्याची वाट बघतोय ते डुक्कर डोळ्यांनी दिसतच नाही. उरते ती झुडपातली सळसळ. तासभर डुकराचीच वाट बघत बसलेला मेंदू त्या सळसळीला डुकराचाच आकार देतो. शिवाय अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि बॅटरी एकदा चमकली की तो सराव मोडतो. दोन राखणदार एकमेकांना न सांगता एकाच शेताच्या दोन टोकांना बसले, की पुढचं सांगायला नको.

सरकारचं नियंत्रण आमच्याकडे सर्वांत जास्त जाणवतं ते निवडणुकीत, बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात तेव्हा. २०२४ मध्ये आचारसंहिता दोनदा लागली, मार्च ते जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पहिल्या वेळी काजू आणि आंबा, दुसऱ्या वेळी भातकापणी. नियमाप्रमाणे छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करायचा असतो. तसा झाला तर सत्तरीच्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन ठेवायचं कारण उरणार नाही. भारतात २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार नागरिकांकडे सात कोटींवर बंदुका आहेत आणि त्यांतल्या नोंदलेल्या एक कोटीच्याही आत. बंदुकीने होणारे बहुतेक खून विनापरवाना हत्यारांनीच होतात. त्यामुळे शेतकऱ्याची तक्रार मला खरी वाटते. त्याच्या डोळ्यांदेखत वानरं कोवळे नारळ ढकलतात आणि त्याने अर्जामागे अर्ज करायचे.

पण परवाना मिळाल्यावर बंदूक घरात कशी राहते, हे आपण कुणी विचारत नाही. अर्ज करताना ती सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून घेतात, पुढे ती कागदावरच राहते. अमेरिकेत २००५ मध्ये मुलांच्या हातून झालेले अपघात आणि आत्महत्या तपासल्या, तेव्हा चार सवयी वेगळ्या उठून दिसल्या: बंदूक कुलपात असणं, ती रिकामी असणं, दारूगोळा कुलपात असणं आणि तो बंदुकीपासून वेगळ्या जागी असणं. चारांतली प्रत्येक सवय धोका कमी करत होती. यांतल्या एकीलाही सरकारी मंजुरी लागत नाही. वनखातं आणि पोलिसांनी नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येकाला एक लोखंडी पेटी आणि दोन कुलपं दिली, तरी मला ते दहा परिपत्रकांपेक्षा मोलाचं वाटेल.

आमच्या काकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. काकू गेल्या त्या वर्षी तेराव्यानंतरच्या संध्याकाळी ते केपांची पत्र्याची डबी घेऊन शेजारच्या वहिनींकडे गेले. मी पडवीत होतो. ‘वयनी, ही डबी तुज्याकडे ठेव. मी मागलंय तरी रातीचा देव नको, सकाळी दी.’ वहिनींनी काही विचारलं नाही. डबी मिठाच्या बरणीमागे ठेवली आणि चहाचं आधण चढवलं.

त्या साली खालच्या कोपऱ्यातलं भात डुकरांनी पार लोळवलं. काकांनी ती डबी मागितली पुढच्या गणपतीनंतर, सकाळी.