दाढीच्या फेसात पाणी किती असावं?

ब्रशने साबण फेसताना आपली नजर फेस किती फुगला याकडे असते. पण फुगलेल्या फेसात हवाच जास्त, आणि हवा पात्याच्या काही कामाची नाही. पातं घसरतं ते बुडबुड्यांच्या मधल्या साबणाच्या पाण्यावरून. हे पाणी कुठे साठतं, ते बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी १८७३ मध्ये मांडलं. तोवर त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून मला या कामाचं फार अप्रूप वाटतं. फेसात नेहमी तीनच पडदे एका रेषेवर भेटतात, १२० अंशांच्या कोनात, आणि त्या सांध्यात बारीक पन्हळ तयार होते. फेसातलं बहुतेक पाणी या पन्हळींमध्ये असतं.

आता ब्रशकडे बघा. ओला करून झटकलेला ब्रश वडीवर फिरवला की केसांच्या टोकांना चिकट, निस्तेज लगदा लागतो. इथेच थांबून दाढी केली तर फेस गालावर वाळतो आणि पातं ओढतं. त्यात चार-पाच थेंब पाणी घालून फिरवत राहा, मग पुन्हा चार-पाच. हळूहळू लगद्याला चकाकी येते, सुटे बुडबुडे दिसेनासे होतात आणि ब्रश उचलला की फेसाचं टोक उभं राहून किंचित वाकतं. पाणी बरोबर झाल्याची खूण हीच. आणखी घातलं तर डोळ्यांना दिसतील असे बुडबुडे येतात आणि फेस हनुवटीवरून ओघळतो.

ओघळण्यामागे साधी भूमिती आहे. सारख्या आकाराचे गोल बुडबुडे दाटीने पण अस्ताव्यस्त रचले तर साधारण ६४ टक्केच जागा भरतात. पाण्याचा वाटा उरलेल्या ३६ टक्क्यांच्या वर गेला की बुडबुडे एकमेकांना टेकत नाहीत, सुटे तरंगतात, आणि फेस द्रवासारखा वाहतो. पाणी त्याहून कमी असलं की ते एकमेकांवर दाबून बसतात, म्हणून फेस गालावर उभा राहतो.

पुण्यात मात्र पाणी किती याच्याइतकंच ते कुठलं हेही बघावं लागतं. खडकवासल्याचं धरणाचं पाणी सौम्य, त्यात साबण झटकन फेसतो. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे क्षार भरपूर असतात. फेस दाट आणि टिकाऊ होतो तो त्यांच्यामुळेच. पण कॅल्शियम भेटलं की त्यांचा न विरघळणारा साका बनतो. वाटीच्या कडेला चिकटणारा करडा थर तोच. तेवढा साबण फेसाच्या हिशेबातून गेला, म्हणून अशा पाण्यात वडीवर ब्रश जास्त वेळ फिरवावा लागतो. पाणी उकळून, निवळून घेतलं तर त्यातल्या कॅल्शियमचा बायकार्बोनेटच्या रूपात असलेला भाग खाली बसतो. गिझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर बहुतांशी त्याचाच. बोअरवर राहणाऱ्यांनी दाढीपुरतं तांब्याभर प्यायचं पाणी वापरलं तरी फरक लगेच कळतो.

एप्रिलच्या कोरड्या हवेत चांगला जमलेला फेसही एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावर सुकू लागतो. तेव्हा नवा साबण घेऊ नका. ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवा आणि त्याच फेसावरून फिरवा.