कॅनिस्टर फिल्टर उघडण्याआधी हे वाचा
(आमच्या फिशटँक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गणपती जवळ आले की घरोघरी साफसफाई निघते. फिशटँक हॉलमध्येच असते, त्यामुळे तिचीही पाळी येते. काच घासतात, खालची खडी धुतात, आणि कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) उघडून आतलं सगळं मोरीतल्या नळाखाली पांढरंशुभ्र होईपर्यंत चोळतात. दोन-तीन दिवसांनी आम्हाला फोन येतो : पाणी पांढुरकं झालंय, मासे वर येऊन तोंड उघडताहेत, आणि फिल्टर तर परवाच स्वच्छ धुतला होता.

बेळगावच्या शहापूर-अनगोळपासून खानापूर-निपाणीपर्यंत सगळीकडून हीच तक्रार येते. बहुतेक वेळा मशीनमध्ये काहीच बिघाड नसतो. फिल्टर धुतला म्हणूनच पाणी बिघडलेलं असतं. फोनवर हे सांगताना घाई होते, म्हणून सविस्तर लिहून देत आहोत.

कॅनिस्टर दोन कामं करतो. तरंगणारी घाण अडवणं हे एक, आणि ते सगळ्यांना दिसतं. दुसरं काम दिसत नाही, पण मासे जगतात ते त्याच्यावर. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांवर (भाजलेल्या मातीच्या छोट्या कड्यांवर) आणि स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं पुढे नायट्रेट. पहिले दोन पदार्थ थोडे साठले तरी माशांना विषारी. नायट्रेट बऱ्यापैकी सोसतो आणि दर आठवड्याला पाणी बदललं की निघून जातो. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नळाखाली जोर लावून धुतलं की त्यातले पुष्कळसे तासाभरात जातात, मासे मात्र टाकीत पूर्वीइतकेच असतात.

सर्व्हिसला आलेल्या आमच्या मुलाबद्दलही एक तक्रार नेहमी येते : त्याने रिंगा नीट धुतल्या नाहीत, तपकिरीच ठेवल्या. त्या मुद्दाम तशा ठेवलेल्या असतात. तो पातळ तपकिरी थर म्हणजेच तुमचा फिल्टर. टाकीतलंच पाणी बादलीत काढून, रिंगा जाळीसकट त्यात दोन-तीनदा बुडवून काढायच्या. सुटलेला गाळ तळाला बसला की झालं. रिंगा पांढऱ्या करून दिल्या तर त्या दिवशी तुम्ही खूश व्हाल, पण पुढच्या आठवड्यात मासे जातील. ते काम आम्ही करणार नाही, आग्रह केला तरीही.

आता नळाच्या पाण्याबद्दल. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं. ते पिण्यासाठी शुद्ध करताना त्यात क्लोरीन घालतात आणि माणसाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण क्लोरीनचं कामच जिवाणू मारणं. तुमच्या रिंगांवरचे जिवाणू उपयोगाचे आहेत हे त्याला कळत नाही. काही वॉर्डांत चोवीस तास पाणी असतं, तिथे नळातून थेट क्लोरीनचं पाणी येतं. ज्यांच्याकडे ठरावीक दिवशी पाणी सुटतं आणि हौदात साठवतात, त्यांचं क्लोरीन थोडंफार उडून गेलेलं असतं, पण पूर्ण गेलं असं धरून चालू नका. पावसाळ्यात तर जास्तच जपा. खेड्यांतल्या ग्राहकांचं म्हणणं असतं, आमचं विहिरीचं पाणी आहे, क्लोरीन कुठलं? पण पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, ते आधी विचारून घ्या. म्हणून सरसकट नियम : फिल्टरमधलं काहीही धुवायचं ते टाकीतून काढलेल्या पाण्यातच. पाणी बदलायच्या दिवशी दोन बादल्या आपोआप मिळतात. टाकीत नवं पाणी घालताना अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका, किंवा पसरट टबात पाणी दिवसभर उघडं ठेवून मग घाला.

बोअरवेलवाल्यांसाठी वेगळी सूचना. बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं आणि त्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ८ च्या आसपास असू शकतो. अमोनिया तेवढाच असला तरी पीएच ७ च्या तुलनेत ८ ला त्याचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. शहरातल्या टाकीत जी चूक मासे सोसून नेतात, तीच बोअरच्या टाकीत त्यांना मारते.

टोपल्यांमध्ये काय, कुठे

बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी आधी तळाशी जातं आणि आत एकावर एक ठेवलेल्या टोपल्यांमधून वर चढतं. म्हणून सगळ्यात खाली जाड छिद्रांचा स्पंज. त्याच्या वर सिरॅमिक रिंगा किंवा दुसरं बायो मीडिया (जिवाणू वाढण्यासाठी घालायचं साहित्य), जागा असेल तर दोन टोपल्या भरून. सगळ्यात वर पांढरा फिल्टर कापूस. अनेक जण कापूस तळाशी घालतात, कारण जास्त घाण तोच धरतो. धरतो हे खरं, पण आठवड्याभरात गच्च होतो, वरच्या रिंगांना पाणीच पोचत नाही, आणि मग ‘मोटर कमजोर झाली’ म्हणून मशीन आमच्याकडे येतं. काही मॉडेलमध्ये पाण्याची वाट वेगळी असते. तिथे एवढंच लक्षात ठेवा की पाणी आधी जाड मीडियातून, मग रिंगांतून आणि शेवटी बारीक मीडियातून गेलं पाहिजे. टोपली दाबून भरू नका.

कार्बन (फिल्टरमध्ये घालायचा कोळसा) आम्ही स्वतःहून घालत नाही. औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायचं असेल किंवा टाकीतल्या सजावटीच्या लाकडाचा पिवळा रंग पाण्यात उतरला असेल तर घाला, तीन-चार आठवड्यांनी काढून टाका. औषध चालू असताना कार्बन आत राहिला तर औषध तोच शोषतो आणि मासा आजारीच राहतो. झिओलाइट (फिल्टरमध्ये घालायचे खनिज खडे) अमोनिया धरतो, पण टाकीत मीठ घातलं की धरलेला अमोनिया परत सोडतो. माशाला पांढरे ठिपके आले की आपल्याकडे पहिला हात मिठाकडेच जातो, तेव्हा आधी झिओलाइट बाहेर काढा.

कापूस दोन-तीन आठवड्यांनी फेकून नवा घाला, तो धुण्यात अर्थ नाही. स्पंज पाण्याची धार कमी झाली की टाकीच्या पाण्यात पिळा. रिंगांना तीन-चार महिन्यांतून एकदा वरची बुडवाबुडवी पुरते. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी नकोत, आणि खडी साफ केली त्या दिवशी फिल्टर उघडूच नका. गणपतीसाठी टाकी चमकवायची असेल तर काच, खडी आणि पाणी एका रविवारी, फिल्टर दोन आठवडे आधी. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिनने रबर फुगतं आणि गळती सुरू होते.

लाईट गेल्यावर

ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. कॅनिस्टर बंद डबा आहे. मोटर थांबली की आतल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू हळूहळू संपवतात आणि मग स्वतःच मरू लागतात. तास-दीड तास लाईट गेली तर काळजी नाही, आल्यावर फिल्टर आपला चालू होऊ द्या. पण पावसात तार तुटून तीन-चार तासांवर लाईट गेली, तर आल्याबरोबर प्लग लावू नका. डबा उघडा, वास घेऊन बघा, आतलं काळं पाणी ओता, मीडिया टाकीच्या पाण्यात हलवून घ्या आणि मगच सुरू करा. नाहीतर तो सगळा कुजका रस एका दमात टाकीत येतो. घरात इन्व्हर्टर असेल तर फिल्टर त्यावर घ्या. घरगुती कॅनिस्टरला बहुधा १५ ते ३५ वॅट लागतात, म्हणजे छताच्या साध्या पंख्यापेक्षा कमीच.

नळाखाली धुऊन झालंच असेल तर

फिल्टर पुन्हा धुऊ नका. पाणी पांढरं दिसतं म्हणून लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा धुतात आणि उरलेसुरले जिवाणूही घालवतात. दोन-तीन दिवस खाद्य बंद. निरोगी मोठ्या माशाला त्याने काही होत नाही. रोज पाव भाग पाणी बदला, अँटीक्लोरीन घालून. एअरपंप रात्रंदिवस चालू ठेवा. आणि आमच्याकडे या. दुकानाच्या टाक्यांमध्ये आम्ही जाळीच्या पिशव्यांत मुरलेल्या (जिवाणू वाढलेल्या) रिंगा ठेवतो, रोगाच्या टाक्यांपासून वेगळ्या. दुधाला विरजण लावावं तशी त्यातली एक पिशवी तुमच्या टोपलीत ठेवली की नव्या रिंगा लवकर तयार होतात. ती ओल्या पिशवीत न्या आणि त्याच दिवशी बसवा. वाळली की उपयोग नाही. आमच्याकडून कॅनिस्टर घेणाऱ्यांना ही पिशवी आम्ही मोफत देतो.

रिंगा ऑनलाइन आमच्यापेक्षा स्वस्त मिळतात, हे आम्हाला माहीत आहे. घेताना एक करून बघा : कोरड्या रिंगेवर पाण्याचा थेंब टाका. शोषला गेला तर आत छिद्रं आहेत. वर तसाच राहिला तर ती चकचकीत भाजलेली आहे आणि तिच्यावर जिवाणूंना राहायला जागा कमी. छिद्रं असलेल्या रिंगा नीट ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. दर सहा महिन्यांनी नव्या घ्या असं आम्ही कुणालाच सांगत नाही. बदलायच्याच असतील तर एका वेळी तिसरा भाग, आणि मध्ये महिनाभराचं अंतर.

फिल्टर केवढा घ्यावा, हेही नेहमी विचारतात. ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर सुमारे १२७ लिटर. तासाला चार-पाच वेळा सगळं पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे ५०० ते ६५० लिटर. खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो, मीडिया भरल्यावर धार बरीच कमी होते. म्हणून एवढ्या टाकीला तासाला हजार लिटरचा घ्यावा. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न किंवा गोल्डफिश असतील तर त्याच्या वरचा, कारण हे मासे घाण फार करतात.

दुकानात येताना स्वच्छ बाटलीत टाकीचं अर्धा लिटर पाणी घेऊन या. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तुमच्यासमोर तपासून देतो, पैसे घेत नाही. टाकीची मापं, मासे कोणते आणि किती, आणि फिल्टर शेवटचा कधी व कशाने धुतला एवढं सांगा. घरी येऊन सर्व्हिस हवी असेल तर गणपतीच्या किमान तीन आठवडे आधी नाव नोंदवा. शेवटच्या आठवड्यात आम्ही कुणाचाही फिल्टर उघडत नाही.