समकक्ष समीक्षेचा कालावधी

शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवल्यापासून तो छापायचा की नाही हे ठरेपर्यंत जाणारा काळ. समकक्ष समीक्षा म्हणजे त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांनी निबंध तपासणे; संशोधकांच्या बोलण्यात मात्र तिला ‘पीअर रिव्ह्यू’ हेच नाव रुळले आहे. पहिला निर्णय यायला बहुधा एक ते सहा महिने लागतात. पुढे दुरुस्त्यांच्या एकदोन फेऱ्या झाल्या, तर वर्ष सहज उलटते.

निबंध आधी संपादक चाळतो. नियतकालिकाच्या कक्षेबाहेरचे लेखन तिथूनच काही दिवसांत परत जाते. उरलेले दोन-तीन समीक्षकांकडे पाठवतात आणि खरा खोळंबा इथे होतो. वाचून अभिप्राय लिहिणे हे काही तासांचे, फार तर एकदोन दिवसांचे काम. पण ते बहुधा बिनमोबदला, स्वतःचे अध्यापन-संशोधन सांभाळून करायचे असते. अनेक जण नकार कळवतात, काही तेवढेही करत नाहीत. नवा समीक्षक सापडेपर्यंत निबंध नुसता पडून राहतो. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर ‘अंडर रिव्ह्यू’ (समीक्षा सुरू) दिसते, म्हणून कोणी तो वाचत असेलच असे नाही.

विद्याशाखांतली तफावत मोठी आहे. ब्यर्क आणि सॉलोमन या संशोधकांनी २०१३ मध्ये १३५ नियतकालिकांतील सुमारे २,७०० निबंध तपासले. पाठवल्यापासून प्रसिद्धीपर्यंत रसायनशास्त्रात सरासरी ९ महिने लागत होते, तर व्यवस्थापन व अर्थशास्त्रात १८. यात स्वीकृतीनंतर छपाईसाठी थांबण्याचा काळही आला.

पूर्वी सारे झटपट व्हायचे, हे अर्धेच खरे. वॉटसन व क्रिक यांचा डीएनएवरील निबंध २ एप्रिल १९५३ चा. ‘नेचर’मध्ये तो २५ एप्रिलला छापून आला, पण बाहेरच्या समीक्षकांकडे गेलाच नव्हता. त्या नियतकालिकाने बाह्य समीक्षा १९७३ मध्ये नियमित केली.

गणितात एकेक पायरी पडताळावी लागते, म्हणून तिथला हिशेबच वेगळा. फळवाला संत्री रचतो त्याहून सारख्या गोळ्यांची दाट रचना शक्य नाही, हे केप्लरचे अनुमान. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये संगणकाच्या मदतीने त्याची सिद्धता मांडली. बारा समीक्षक काही वर्षे खपले आणि शेवटी ‘९९ टक्के खात्री’ एवढेच सांगून थांबले. निबंध २००५ मध्ये छापला गेला. उरलेल्या एका टक्क्यासाठी हेल्स यांनी संगणकाकडूनच प्रत्येक पायरी तपासून घेतली. ते काम २०१४ मध्ये पुरे झाले.